पिना मारलेली पानं

"मॅडम, वयाआधी कळलं तर मुलं बिघडतील ना?" हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात इतक्यांदा ऐकलाय की समोरचे पालक बोलायला सुरुवात करायच्या आधीच तो ओळखू येतो. शाळेनं शरीराबद्दलचा एखादा धडा गाळावा, वाचनालयातलं पुस्तक काढावं, असा अर्ज त्यांनी केलेला असतो किंवा करायचा असतो. त्या सगळ्यांसाठी एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिची १२ वर्षांची मुलगी काही महिने घुम्यासारखी वागत होती. शाळेला दांड्या, पोटदुखीची कारणं, खोलीचं दार लावून बसणं. आईनं सगळं खापर मोबाइलवर फोडलं होतं.

पहिल्या दोन भेटी अवांतर गप्पांत गेल्या. तिसऱ्या भेटीत मुलीनं कंपासपेटी उघडली. कर्कटकाशेजारी कागदाच्या पुडीत स्टेपलरच्या सहा पिना होत्या. विज्ञानाच्या पुस्तकातला वयात येण्याचा धडा शाळेनं पिना मारून बंद केला होता. हिनं कर्कटकाच्या टोकानं त्या उचकटून तो वाचला होता. विज्ञानाच्या तासाआधी मात्र ती त्या पुन्हा त्याच भोकांत बसवायची.

"परत कशाला बसवायचीस गं?"

"बाईंना कळलं तर आईला कळेल."

"आणि आईला कळलं तर?"

ती बराच वेळ पुडीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "आईनंच अर्जावर सही केलीय. आणि मला ते झालंय. त्या पानांतलं."

पाळी सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता. मी घाई केली नाही. ती तयार झाली तेव्हा तिच्याच तोंडून आईला सांगू दिलं. आई कळवळून म्हणाली, "अगं, मी होते ना घरात! विचारायचंस!" मुलगी काहीच बोलली नाही, तिनं ती पुडी आईच्या हातात ठेवली. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. इतक्या वर्षांच्या कामात मला इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळालंय. पिना पुस्तकाला मारलेल्या होत्या, मुलीनं त्या जणू स्वतःच्या शरीराला लावून घेतल्या होत्या.

पालकांची भीती मी उडवून लावत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातल्या कलम १७ मध्ये मुलांना वेगवेगळ्या स्रोतांतून माहिती मिळावी असं म्हटलंय, आणि अहितकारक मजकुरापासून त्यांना जपायलाही सांगितलंय. पण सहा वर्षांच्या मुलाला पेलेल तेवढंच सांगणं वेगळं, आणि बारा वर्षांच्या मुलीपासून तिच्याच शरीराची माहिती लपवणं वेगळं. वयात येण्याचे बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणजे हा धडा लवकर आला नव्हता, काहींच्या बाबतीत उशिराच आला होता. अशा शिक्षणामुळे मुलं लैंगिक संबंधांकडे लवकर वळत नाहीत, असंच युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शिकेतल्या अभ्यासांच्या आढाव्यातून दिसतं.

मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या व्हिगोट्स्की या मानसशास्त्रज्ञाला मी मानते. एकट्यानं न पेलणारी गोष्ट मुलाला जाणत्या माणसाच्या सोबतीनं पेलते, हे मी रोज बघते. म्हणून 'हे पान मुलाला झेपेल का' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. शेजारी कोण बसलंय, तेही विचारायला हवं.

अर्जावर सही करण्याआधी तो धडा स्वतः वाचा, पूर्ण. मग मुलासोबत वाचा. अडखळलात तर 'मलाही हे बोलायला अवघड जातंय' असं सरळ सांगा, मुलं समजून घेतात. शिक्षकांना, धडा कसा शिकवणार, हे विचारा. आणि पानं आधीच बंद केली असतील तर ती कोणी आणि का केली, हे मुलाला खरं सांगा.

त्या आईनं मुलीची माफी मागितली, माझ्यासमोरच. दोघींनी तो धडा दोन संध्याकाळी मिळून वाचला. मग आईनं शाळेला दुसरं पत्र लिहिलं, पिना काढण्यासाठी. शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर वर्गातल्या आणखी तिघींच्या आया तिच्याकडे येऊन ती पानं वाचून गेल्यात.