आठवडा सगळ्यांचा, बिल कुणाचं?

टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधलं युनिट ठरावीक काळ वापरण्याचा विकत घेतलेला हक्क, ठेवावा की काढून टाकावा, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: आई-बाबांनी अठरा वर्षांपूर्वी एका रिसॉर्टमधला दर वर्षीचा एक आठवडा घेतला. युनिट दोन बेडरूमचं आहे. आम्ही तिघं भावंडं. मुलं लहान होती तोवर दर वर्षी जमायचो, आता तीन वर्षांतून दोनदा कसंबसं जमतं. दादा म्हणतो, एवढे पैसे घातलेत, आता विकून नुकसान कशाला? ताई म्हणते, दर वर्षीचं देखभालीचं बिल, म्हणजे मेंटेनन्स, भरून भरून दमलो. हिशेब कसा मांडायचा?

उत्तर: आई-बाबांनी तेव्हा भरलेले पैसे आधी हिशेबातून काढून टाका. आठवडा ठेवलात तरी ते परत येणार नाहीत आणि विकलात तरी येणार नाहीत. कर्जाचे हप्ते अजून चालू असतील तर गोष्ट वेगळी, कारण तो पुढचा खर्च आहे. तपासायचं ते एवढंच: इथून पुढे दर वर्षी जे पैसे जातील, तेवढ्यात मिळणाऱ्या रात्री बाहेर त्याहून स्वस्त मिळतात का?

समजा, वर्षाचा मेंटेनन्स १०० आहे. तीन वर्षांत ३०० भरले आणि राहिलात दोनदा, म्हणजे एक मुक्काम १५० ला पडला. आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टला गेला असाल, तर अदलाबदलीची फी आणि ती करून देणाऱ्या कंपनीची वार्षिक वर्गणी त्यात मिळवा. ती मुक्कामामागे सरासरी २० धरली तर आकडा १७० वर जातो. आता सातपैकी प्रत्यक्षात किती रात्री राहता? रजेच्या ओढाताणीत पाचच होत असतील, तर एक रात्र ३४ ला पडली. त्याच रिसॉर्टमध्ये, त्याच हंगामात, तेवढंच युनिट भाड्याने २८ ला मिळत असेल तर टाइमशेअर महाग पडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, खरे तुमच्या बिलांवरून काढा. भाड्याचा दर बघताना रिसॉर्टच्या दरपत्रकावर थांबू नका. इतर मालक आपले आठवडे भाड्याने देतात, त्यांचे दर बहुधा कमी असतात.

मात्र तुलना तोलामोलाची हवी. दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर असलेल्या युनिटशी हॉटेलच्या एका खोलीचा दर ताडून पाहण्यात अर्थ नाही. तीन कुटुंबं एकत्र जाणार असतील तर हॉटेलात तीन खोल्या लागतील आणि सगळं खाणंपिणं बाहेर होईल. भरल्या घराला टाइमशेअर परवडतो तो इथेच. तुमच्याकडे सुट्टीच्या ऐन मोसमातला ठरलेला आठवडा असेल आणि तिघंही खरोखर जात असाल, तर ताईंना राग येईल, पण ठेवण्याच्या बाजूने वजन पडेल.

यानंतर गेल्या पाच-सहा वर्षांची बिलं काढून वाढीचा वेग पाहा. मेंटेनन्स वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल तर साधारण १४ वर्षांत दुप्पट होतो आणि ७ टक्क्यांनी वाढत असेल तर १० वर्षांत. मालकसंघाचा वार्षिक हिशेबही मागवा. इमारत जुनी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी तुटपुंजा असेल, तर छप्पर, लिफ्ट किंवा वादळात झालेलं नुकसान यापायी कधी ना कधी जादा वर्गणी निघणारच. ती नेहमीच्या बिलाच्या वर असते आणि त्या वर्षी तुम्ही गेलात की नाही, हे कुणी विचारत नाही.

एवढं झालं की तिघांनी आपापलं उत्तर वेगवेगळं लिहून काढा: हा आठवडा आज फुकट मिळत असता, फक्त पुढचं बिल भरायची अट असती, तर घेतला असता का? एकाचं उत्तर ‘हो’ आणि दोघांचं ‘नाही’ आलं, तर त्या एकाच्या नावावर करून द्या. बाहेर गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा ते स्वस्त आणि लवकर होतं. पण नाव बदलल्याचं रिसॉर्टचं लेखी पत्र घरच्या घरातल्या व्यवहारातही घ्यायचंच.

प्रश्न: घेताना आम्हाला सांगितलं होतं की ही मालमत्ता आहे, किंमत वाढत जाईल. आता विकली तर किती येतील?

उत्तर: घेतलेल्या किमतीचा बराच कमी हिस्सा, आणि पुष्कळदा काहीच नाही. तुम्ही भरलेल्या किमतीत जाहिरात, भेटवस्तू, तासन्‌तास चालणारं सादरीकरण आणि विक्रेत्याचं कमिशन असं सगळं होतं. तो खर्च करार झाला त्याच दिवशी संपला, पुढचा गिऱ्हाईक त्याचे पैसे का देईल? तो आधी मेंटेनन्स विचारतो. मेंटेनन्स भाड्याच्या दराच्या आसपास असेल तर फुकट दिलेला आठवडाही पडून राहतो. मग मालक ट्रान्सफर फी आपण भरतो, वर पहिल्या वर्षाचं बिलही देऊ करतो.

किंमत ठरवताना लोक मागतात ते आकडे पाहू नका, झालेले व्यवहार पाहा. ऐन मोसमातला ठरलेला आठवडा, मोठं युनिट, दर वर्षीचा हक्क आणि शून्य थकबाकी यांना भाव असतो. आडमोसमातला आठवडा, एका खोलीचं युनिट आणि वर्षाआडचा हक्क यांना नसतो. अदलाबदल कंपन्या मागणीनुसार आठवड्यांना रंग देतात. त्यांतल्या आरसीआयच्या पद्धतीत लाल म्हणजे सर्वाधिक मागणीचा काळ, पांढरा मधला आणि निळा सर्वांत कमी मागणीचा. इंटरव्हल इंटरनॅशनल या दुसऱ्या कंपनीकडे तेच लाल, पिवळा, हिरवा असं असतं. आपला रंग करारात सापडेल.

ठरलेल्या आठवड्याऐवजी पॉइंट्स खर्चून रात्री घ्यायचं सभासदत्व असेल तर आणखी एक खोच आहे. कंपनीकडून थेट घेणाऱ्याला मिळणाऱ्या काही सवलती दुसऱ्या हाती घेणाऱ्याला मिळत नाहीत, असं अनेक करारांत असतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा. नंतर कळलं की व्यवहार मोडतो, तोही नेमका सह्यांच्या आदल्या दिवशी.

प्रश्न: विकायचं ठरलं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: कपाटातून. मूळ करार किंवा खरेदीखत काढा आणि एका कागदावर लिहा: नावं कुणाकुणाची आहेत, हक्क मालकीचा आहे की फक्त वापराचा, वापराचा असेल तर कधी संपतो, युनिट आणि आठवड्याचा क्रमांक, आठवडा ठरलेला की फिरता (दर वर्षी वेगळा), कर्ज बाकी आहे का. मुदतीची तीन-चार वर्षंच उरली असतील तर विकण्याच्या खटाटोपापेक्षा वापरून संपवणं बरं.

मग रिसॉर्टला लेखी तीन गोष्टी विचारा. तुम्ही आठवडा परत घेता का, घेत असाल तर कोणत्या अटींवर? विक्रीत तुमचा पहिला हक्क आहे का? ट्रान्सफर फी किती? परत घेण्याची सोय बरेच जण जाहीर करत नाहीत. फोनवर ‘नाही’ म्हणणारे लेखी अर्जाला वेगळं उत्तर देतात, तेव्हा एका नकारावर थांबू नका. कर्ज फिटलेलं आणि बिलं भरलेली असणं ही जवळपास सगळीकडची अट आहे. पैसे मिळत नाहीत, उलट थोडी फी द्यावी लागते, पण पुढची बिलं कायमची थांबतात. कमी मागणीच्या आठवड्याला याहून चांगली वाट सहसा नसते.

रिसॉर्टचा पहिला हक्क असेल, तर गिऱ्हाइकाशी ठरलेला करार आधी त्यांच्याकडे जातो. करारात दिलेल्या मुदतीत त्यांनी त्याच किमतीला घेतला नाही, तरच तुमचा व्यवहार पुढे सरकतो.

गिऱ्हाईक मिळालं की रिसॉर्टकडून खात्याचा ताजा दाखला घ्या. त्यात थकबाकी, पुढचं बिल, जमा असलेले आठवडे किंवा पॉइंट्स आणि केलेलं बुकिंग दिसतं. विक्रीच्या करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: ट्रान्सफर फी कुणाची, चालू वर्षाचं बिल कुणाचं, वापराचं पहिलं वर्ष कोणतं आणि आधीच अदलाबदलीला दिलेला आठवडा कुणाचा. भांडणं बहुतेक शेवटच्या दोन मुद्द्यांवर होतात. तुम्ही पुढच्या वर्षाचा आठवडा अदलाबदल कंपनीत जमा केलेला असतो, गिऱ्हाईक मात्र तो वापरायच्या तयारीत असतो.

पैसे एस्क्रोत ठेवा, म्हणजे हस्तांतर पूर्ण होईपर्यंत ते तटस्थ संस्थेकडे राहतील. ती संस्था दोघांनी मिळून निवडावी आणि तिचा परवाना तिथल्या सरकारी यादीत स्वतः तपासावा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून तपासू नका. खरेदीखतावर नाव असलेल्या प्रत्येकाची सही लागते आणि नावाचं स्पेलिंग मूळ कागदाशी तंतोतंत जुळावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा आधीच जोडा, त्यावरून महिनाभर सहज अडतं. पुढच्या वर्षाचं बिल निघायच्या चार-पाच महिने आधी सुरुवात केलीत, तर ते बिल आपल्या माथी येणार नाही.

प्रश्न: एका कंपनीचा फोन आला. त्यांच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे आणि किंमत आम्ही भरली त्याहून जास्त आहे. फक्त कर आणि नोंदणीचे पैसे आधी पाठवायचे. पाठवू का?

उत्तर: नाही. मालकाने न मागता आलेला फोन, तयार गिऱ्हाईक, बाजारात कुठेच नसलेला भाव आणि आधी पैसे. ही चारही लक्षणं फसवणुकीची आहेत. पहिली रक्कम पाठवलीत की दुसरा कर निघतो, मग दंड, मग बँकेने अडवून ठेवलेली रक्कम सोडवण्याचा खर्च. पुढच्या टप्प्यात कुणीतरी सरकारी अधिकारी किंवा वकील म्हणून फोन करतो आणि बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणत तोही फी मागतो. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या मालकांना अशा कॉल सेंटरमधून लुबाडणाऱ्या टोळ्यांबद्दल अमेरिकेच्या अर्थखात्याने आणि एफबीआयने जुलै २०२४ मध्ये संयुक्त इशारा दिला होता. खऱ्या व्यवहारात कर आणि फी हस्तांतराच्या वेळी, विक्रीच्या रकमेतून किंवा एस्क्रोतून जाते.

‘आम्ही तुम्हाला करारातून सोडवतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासूनही जपून. आधी भरभक्कम फी घेऊन त्या बिलं भरणं थांबवायला सांगतात. काही तर आठवडा कुठल्याशा कागदी कंपनीच्या नावावर करतात. ती बिलं भरत नाही, रिसॉर्ट हस्तांतराला आव्हान देतं आणि वसुली पुन्हा तुमच्या दारात येते.

प्रश्न: मग बिल भरायचंच सोडून दिलं तर? शेवटी तेच घेतील ना परत?

उत्तर: कदाचित घेतील, पण आधी व्याज, दंड, वसुली एजन्सी आणि पतनोंद खराब होणं हे सगळं येईल. शिवाय थकबाकी असली की परत घेण्याची योजनाही बंद होते. आधी ती योजना वापरून पाहा.

प्रश्न: काका वारले. त्यांच्या नावावर टाइमशेअर होता आणि करारात मुदतच नाही. बिल आता आमच्या पत्त्यावर येऊ लागलं आहे. भरलंच पाहिजे का?

उत्तर: वारसाला वारसा नाकारता येतो, पण तो लेखी आणि मुदतीत नाकारावा लागतो. अमेरिकेत करविषयक नियमांनुसार ही मुदत सर्वसाधारणपणे मृत्यूपासून ९ महिने आहे. इतरत्र वेगळी असते, म्हणून टाइमशेअर ज्या देशात आहे तिथल्या वकिलाला पहिल्या महिन्यातच विचारा. तोवर तिथे एक रात्रही राहू नका, आठवडा भाड्याने देऊ नका आणि स्वतःच्या खात्यातून बिल भरू नका. वारसा स्वीकारल्याची ती खूण धरली जाऊ शकते. रिसॉर्टला मृत्यूचा दाखला पाठवा आणि यापुढचा पत्रव्यवहार मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्याशी करा, असं कळवा.

बेमुदत करार सगळीकडे टिकतोच असं नाही. स्पेनने १९९८ च्या कायद्याने ही मुदत जास्तीत जास्त ५० वर्षांवर आणली आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यानंतर झालेला बेमुदत करार रद्दबातल ठरवला. काकांचा करार कधी आणि कुठल्या कायद्याखाली झाला, हे वकिलाला आधी दाखवा.

प्रश्न: आम्ही गेल्याच आठवड्यात सुट्टीवर असताना सही करून बसलो. विकावा लागेल का?

उत्तर: विकू नका, रद्द करा, आणि आजच. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार कारण न देता माघार घ्यायला १४ दिवस मिळतात. इतर अनेक ठिकाणी याहून कमी मिळतात. करारात माघारीचं कलम शोधा आणि त्यात सांगितलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्याच पद्धतीने, पोचपावतीसह पत्र पाठवा. विक्रेत्याला फोन करून भागत नाही. तो ‘बघतो’ म्हणेल आणि मुदत निघून जाईल.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी विकला, पैसेही मिळाले. तरी मेंटेनन्सचं बिल आमच्याच नावाने येतं आहे.

उत्तर: खरेदीखत नोंदलं गेलं, पण रिसॉर्टच्या वहीत नाव बदललं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं बरेचदा राहून जातं. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत, ट्रान्सफर फीची पावती आणि नव्या मालकाचा पत्ता असं एकत्र रिसॉर्टच्या मालकी विभागाला पाठवा आणि नाव बदलल्याच्या तारखेचं पत्र मागा. ट्रान्सफर फी कुणीच भरलेली नसेल, तर ती आता तुम्हीच भरून टाका. गिऱ्हाइकाशी वाद नंतर घालता येईल. तोवर निघणारं प्रत्येक बिल मात्र तुमच्या नावावर थकत राहील.