सांगलीच्या घरात नॅस लावताना
नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवणारा डिस्कचा डबा. त्यातल्या दोन डिस्क मिरर केल्या, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं, की बॅकअप झाला असं धरू नकोस. एक डिस्क गेली तर काम अडत नाही, एवढंच. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. गावभागात राहतोस, २०१९चा महापूर पाहिलायस, तेव्हा नॅस तळमजल्यावर नकोच. आणखी एक प्रत विट्याला मावशीकडे ठेव, अधूनमधून त्यातली फाईल उघडून बघ.

राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून नॅसचं लॉगिन पान इंटरनेटवर टाकू नकोस. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने अशीच उघडी क्यूनॅप कंपनीची नॅस यंत्रं गाठून फायली कुलूपबंद केल्या. बाहेरून लागलंच तर वायरगार्ड या व्हीपीएनमधून, म्हणजे घरापर्यंतच्या कुलूपबंद खासगी वाटेने ये. एसएमबी १ ही फायली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत नॅसवर बंद कर. यूपीएस घेच, आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोड, म्हणजे बॅटरी संपत आल्याचं कळून नॅस आपणहून नीट बंद होईल. नाहीतर लाईट जास्त वेळ गेली की बॅटरी संपून मशीन लिहिता लिहिता बंद पडतं.