एक्स्चेंज सेमिस्टरसाठी स्पेनला जातोय, स्पॅनिशचा गंध नाही. अगदी पहिल्या वर्गात बसू की अ‍ॅपवर घासून वरचा वर्ग मिळवू?

पहिल्याच वर्गात बसा, म्हणजे ए-वनला. युरोपात भाषेच्या पातळ्यांची ती सगळ्यांत खालची पायरी, ए-टू तिच्या वरची.

जायच्या आधी अ‍ॅपवर जोर लावला तर प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेत, ए-टू मिळेल, असं तुम्ही लिहिलंय. मिळेलही. ती टेस्ट बऱ्याचदा ऑनलाइन आणि पर्यायांची असते, आणि चारांतून एक बरोबर पर्याय हुडकणं हे तर आपलं शाळेपासूनचं कसब. पण ए-टूच्या वर्गात बाई सहज विचारतात, "शनिवार-रविवारी काय केलंत?" तेव्हा भूतकाळाची रूपं जिभेवर नसली, की पुढचे तास मान डोलावण्यात जातात.

मी दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला एक सेमिस्टर होते. तिथे ए-वनचा वर्गही पहिल्या मिनिटापासून स्पॅनिशमध्येच चालायचा; बाई हातवारे करतील, फळ्यावर चित्र काढतील, पण इंग्रजीत शिरणार नाहीत. चार-पाच तासिकांनंतर याचा त्रास वाटेनासा होतो. त्रास होतो तो शेजारच्या इटालियन पोरांचा. त्यांची भाषा लॅटिनचीच लेक, त्यामुळे निम्मे शब्द त्यांना न शिकताच कळतात आणि ती धडाधड बोलत सुटतात. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. शब्दांच्या बाबतीत आपण मागे असणारच.

व्याकरणात मात्र मराठी माणसाला चांगलीच आघाडी मिळते, आणि हे कुणी सांगत नाही. 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याशी इंग्रजी बोलणारी मुलं आठवडेच्या आठवडे झगडतात, कारण त्यांना 'मी' कर्ता हवा असतो. आपण 'मला कॉफी आवडते' असंच म्हणतो. पुस्तकं अनेक झाली की आपलं 'आवडतात' होतं, त्यांचं 'गुस्तान'. डोकं दुखतं तेही तसंच: 'मे दुएले ला काबेसा'. क्रियापदाच्या शेपटीवरून कोण बोलतंय ते कळतं, म्हणून 'मी', 'तू' गाळता येतात. विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, चांगला-चांगली तसं बुएनो-बुएना. त, द, र आपल्या तोंडात तयारच असतात. म्हणून अभ्यास करताना इंग्रजीतून भाषांतर करू नका, थेट मराठीतून जा.

घाम फुटतो तो 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे'च्या दोन क्रियापदांपाशी. आपलं 'आहे' दोन्हीकडे चालतं, त्यांचं नाही. ग्रानादा सुंदर आहे, इथे 'सेर'चं 'एस'. ग्रानादा अंदालुसिया प्रांतात आहे, इथे 'एस्तार'चं 'एस्ता'. नियम पाठ करण्यापेक्षा अशी वाक्यं जोडीने पाठ करा.

जायच्या आधी अ‍ॅपवर वेळ घालवायचाच असेल, तर आकडे, वेळ सांगणं आणि स्वतःच्या नावाची अक्षरं उच्चारणं एवढं पक्कं करा. नावाचा गोंधळ अटळ आहे. तिकडच्या फॉर्मवर एक नाव आणि दोन आडनावं असा साचा असतो, आणि आपलं मधलं नाव वडिलांचं. तेच पहिलं आडनाव समजून तुमची हाक वडिलांच्या नावाने आली तर दचकू नका. त्यातून 'जे'चा उच्चार ख, 'एच' मुका आणि 'व्ही'चा ब. जाधवांचा खादाब होतो. वैभवचं काय होत असेल ते तुम्हीच उच्चारून बघा.

आणखी एक. बरीच अ‍ॅपं लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश शिकवतात. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस' (तुम्ही सगळे) म्हणतात, आणि त्याची वेगळी रूपं तुम्हाला वर्गातच पहिल्यांदा भेटतील. शिक्षकांनाही नावाने आणि एकेरीत हाक मारायची असते. आपल्याला ते फार जड जातं. मी कितीतरी दिवस बाईंना 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणत राहिले आणि त्या हसत राहिल्या. ग्रानादाकडे जाणार असाल तर शब्दाच्या शेवटचा स लोक गिळतात, हेही लक्षात असू द्या. वर्गातलं 'मास ओ मेनोस' (कमी-जास्त, साधारण) रस्त्यावर 'मा ओ मेनो' होतं. तुमचे कान बिघडलेले नाहीत.

वर्गाबाहेर 'इंतरकांबियो' शोधा, म्हणजे अर्धा तास त्यांची स्पॅनिश, अर्धा तास तुमची इंग्रजी. विद्यापीठाच्या फलकांवर अशा चिठ्ठ्या असतात. एक्स्चेंजवाल्यांच्या टोळक्यात राहिलात तर सेमिस्टर इंग्रजीतच संपेल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कागदपत्रांचं थोडक्यात: भाषेच्या वर्गाला ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचे, क्रेडिट असले (एक क्रेडिट म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम), तरी तुमचं इथलं कॉलेज ते धरेलच असं नाही. निघण्याआधी लेखी विचारून लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार याच्या दोन्ही कॉलेजांशी केलेल्या करारात, घालून घ्या. आणि वर्गाचं प्रमाणपत्र म्हणजे 'देले' नव्हे. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेसची वेगळी परीक्षा आहे, तिचं प्रमाणपत्र कायम वैध राहतं. खालच्या पातळ्यांवर तिचे दोन गट असतात, वाचन-लेखन आणि ऐकणं-बोलणं, प्रत्येकी 50 गुणांचे, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान 30 लागतात, त्यामुळे बोलण्यातली कसर वाचनात भरून निघत नाही. ती द्यायची तर परत आल्यावर, निवांत द्या.