जुन्या गाडीला रिमोटवालं सेंट्रल लॉकिंग घरीच बसवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की २००७ ची ऑल्टो आहे, चारही दारं एकेक करून लॉक करावी लागतात, किट ऑनलाइन बघून ठेवलंय पण वायरिंगची भीती वाटायली, आणि दुकानात न्यावं की स्वतः करावं हे ठरत नाही. स्वतः करा. मी परभणीला असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, मेकॅनिक नाही, आणि माझ्या २००६ च्या ऑल्टोला मी दोन रविवार लावून हे बसवलं. तीन वर्षं झाली, रोज चालतंय. मधे दोन चुका निघाल्या, त्या खाली सांगतो कारण त्या तुमच्याकडूनही होऊ शकतात.

मला हे का करायचं होतं ते आधी सांगतो. आमची गल्ली बारीक आहे, गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते. अण्णांना म्हणजे वडिलांना गुडघ्याचा त्रास, तरी रोज रात्री झोपायच्या आधी ते काठी घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे, चारही दारं ओढून बघायचे. मी लॉक केलंय म्हणलं तरी बघायचेच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, सर कशाला तरास करून घ्यायलाव, ठेवून जा गाडी, संध्याकाळी घेऊन जा. त्यानं साडेतीन हजार सांगितले, मला किट दीड हजारात घरपोच मिळालं. पण खरं कारण पैसे नव्हतं. दुसऱ्याने दाराच्या आत काय केलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि उद्या बंद पडलं तर कुठली वायर कुठं गेली हे कुणालाच आठवत नाही.

आता मुद्द्याचं. सगळे वायरिंगला घाबरतात पण वायरिंग हा यातला सोपा भाग आहे. जुन्या गाडीत हे काम फसतं ते लॉक जाम असल्यामुळं, सळई तिरपी बसल्यामुळं आणि दाराच्या बिजागरीपाशी वायर तुटल्यामुळं. म्हणून किट मागवायच्या आधीच एक करा. चारही दारांचं लॉक आतून बोटानं वर-खाली करून बघा. एका बोटानं अलगद सरकलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर तिथं किटमधली लॉक ओढणारी छोटी मोटर, जिला अॅक्चुएटर म्हणतात, रोज झगडणार आणि काही महिन्यांत जळणार. आमच्याकडं काळ्या मातीची धूळ, उन्हाळ्यात तर आणखीच, आत जाऊन जुन्या ग्रीसमधे मिसळून तिचं अक्षरशः पीठ होतं. माझं मागचं डावं दार वर्षानुवर्षं कुणी उघडत नव्हतं, त्याचं लॉक तर हलतच नव्हतं. डोअर पॅड म्हणजे दाराचं आतलं कव्हर काढल्यावर डब्ल्यूडी-४० हा जाम सोडवणारा स्प्रे मारून ब्रशनं घासलं, पुसलं, परत मारलं, मग ताजं ग्रीस लावलं. त्यात एक सकाळ गेली पण सगळ्यात कामाची सकाळ तीच.

किट आलं की लगेच गाडीला हात लावू नका. अंगणात चटई टाका, सगळं पसरा, कागदावरची आकृती बघून चारही अॅक्चुएटर युनिटला म्हणजे किटमधल्या मुख्य डबीला जोडा आणि एखाद्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. चारमधला एक अॅक्चुएटर पाच वायरींचा असतो, तो ड्रायव्हरच्या दारासाठी, बाकीचे तीन दोन वायरींचे. पाच वायरीवाल्याच्या आत मोटरसोबत एक छोटा स्विचही असतो, त्यामुळं किल्लीनं ड्रायव्हरचं दार लॉक केलं की बाकीचीही होतात. एखादा नग खराब निघाला तर तो चटईवर कळलेला बरा, दारात बसवून कळण्यापेक्षा.

डोअर पॅड काढताना काच वर-खाली करायच्या हँडलमागं घोड्याच्या नालेसारखी एक लोखंडी क्लिप असते. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, प्लास्टिक तुटतं. हँडल आणि पॅडच्या फटीत जुन्या बनियनची पट्टी घालून दोन्ही हातांनी बूट पुसल्यासारखी इकडून तिकडं ओढा, क्लिप बाहेर उडते, कुठं पडली ते लक्ष ठेवा. पॅडच्या मागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडू नका, अलगद सोडवा आणि शेवटी परत नीट चिकटवा. तो कागद पाण्यासाठी आहे. काचेवरून येणारं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, कागद नसला तर तेच पाणी पॅडवर येऊन पॅड फुगतं आणि गाडीत कुबट वास सुटतो.

आता अॅक्चुएटर बसवायचा. आतल्या लॉकच्या खटक्यापासून कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते, तिला किटमधली सळई छोट्या क्लॅम्पनं जोडायची. इथं घाई नको. दोन्ही सळया एकमेकींना समांतर पाहिजेत, अॅक्चुएटरचा दांडा आणि गाडीची सळई एकाच रेषेत सरकली पाहिजे, तिरपं ओढलं तर अर्धा जोर वाया जातो. दांड्याची सगळी हालचाल दोनेक सेंटिमीटरची असते, म्हणून लॉक मधोमध ठेवा, दांडाही मधोमध ठेवा आणि मग क्लॅम्प आवळा, म्हणजे दोन्हीकडं सारखी जागा मिळते. मी पहिल्या दाराला हे न करता आवळलं तर लॉक व्हायचं पण अनलॉक अर्धवट राहायचं, बाहेरून हँडल ओढलं की नुसतंच हलायचं. खोलून परत केलं. पत्र्याला भोक पाडताना काच पूर्ण वर ठेवा, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण करा की एवढंच आत जायचं, कारण पलीकडं बाहेरचा पत्रा फार लांब नसतो. भोक पाडल्यावर उघड्या पत्र्याला ब्रशनं थोडा रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. आणि स्क्रू आवळायच्या आधी काच पूर्ण खाली करून बघा, अॅक्चुएटरला घासते का. आतल्या वायरी कापडी टेपमधे गुंडाळा, आमच्याकडच्या रस्त्यांवर दारात मोकळी वायर राहिली की टकटक ऐकून डोकं उठतं.

दारातून गाडीत वायर नेणं, इथं माझी पहिली चूक झाली. जुन्या साध्या मॉडेलमधे दारात वायरच नसते, त्यामुळं काही ठिकाणी पत्र्याच्या भोकाला नुसतं रबरी बूच असतं आणि काही ठिकाणी भोकच नसतं, पाडावं लागतं. दाराचं भोक आणि खांबाचं भोक समोरासमोर नको, एक थोडं वर एक थोडं खाली असं पाहिजे, म्हणजे दार लावताना वायर मुडपत नाही, पिळली जाते, आणि पिळलेली वायर जास्त टिकते. दोन्ही भोकांना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठावर बसणारी रबरी रिंग, पाहिजेच, पत्र्याची धार सुरीसारखी असते. दार पूर्ण उघडून बघा की वायरीला ताण येत नाही आणि पूर्ण लावून बघा की कुठं चेंबत नाही. मागच्या दाराला किटची वायर कमी पडली म्हणून मी घरात पडलेली बेलची एकतारी वायर जोडली. आठ महिने चालली. मग एक विचित्र गोष्ट व्हायली, मागचं उजवं दार उघडं असताना रिमोट दाबला तर लॉक व्हायचं आणि दार लावून दाबला तर काहीच नाही. आधी वाटलं अॅक्चुएटर गेला, काढून तपासला तर ठणठणीत. नंतर कळलं की बिजागरीपाशी प्लास्टिकच्या आत तार तुटली होती, दार उघडलं की टोकं टेकायची आणि लावलं की सुटायची. म्हणून गाडीची बहुतारी मऊ वायरच वापरा, आणि जोड कधीच बिजागरीच्या जागी देऊ नका, खांबाच्या आत किंवा दाराच्या आत द्या. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. नुसती काळी टेप मे महिन्यात चिकट होऊन सुटते.

वायरिंग सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. पॉझिटिव्ह सप्लाय थेट घ्यायचा, किल्ली काढल्यावरही चालू राहणारा, आणि किटसोबत आलेला फ्यूज जिथून सप्लाय घेतला त्याच्या अगदी जवळ लावायचा, युनिटपाशी नाही. मधल्या वायरीचं कव्हर कुठं घासलं तर फ्यूजनं वाचवायचंय ते त्या वायरीला. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टनं. माझ्या किटमधे हिरवी आणि निळी मोटरची होती, पांढरी, तपकिरी आणि काळी ड्रायव्हरच्या दारातल्या स्विचची. तत्त्व एवढंच आहे की पांढरी क्षणभर अर्थला टेकली की एक काम आणि तपकिरी टेकली की उलटं काम. आतला स्विच तेच करतो आणि रिमोटचं युनिटही तेच करतं, म्हणून रिमोटच्या दोन आउटपुट वायरी या दोनवरच येतात. तुमच्या किटचे रंग वेगळे असू शकतात, तेव्हा कागद बघा, रंगावर विश्वास ठेवू नका. सगळं जोडल्यावर तीन दारं लॉक आणि एक अनलॉक होत असेल तर घाबरू नका, त्या एका दाराची हिरवी आणि निळी अदलाबदल करा, झालं. युनिट डॅशबोर्डच्या खाली केबल टायनं बांधा, डबल टेपनं चिकटवलेलं आमच्या उन्हात टिकत नाही. बॅटरी परत जोडताना किल्ली खिशात आणि एक काच खाली, म्हणजे दारं अचानक लॉक झाली तरी अडकायला नको.

दुसरी चूक जास्त मोठी होती. बहुतेक रिमोट युनिटमधे अशी सोय असते की अनलॉक दाबलं आणि तीसेक सेकंदात कुठलंच दार उघडलं नाही तर गाडी आपोआप परत लॉक होते. दार उघडलं हे युनिटला कळायला एक वेगळी वायर असते, ती आतल्या दिव्याच्या दारातल्या बटणाला जोडायची असते. मी ती सोडून दिली, म्हणलं दिव्याचं काय काम. श्रावणात औंढा नागनाथला गेलो, दर्शन करून आलो, रिमोटनं गाडी उघडली, मागच्या सीटवर प्रसादाची पिशवी ठेवली, तिच्याशेजारीच किल्ली ठेवली आणि लेकीला बूट घालायला म्हणून दार लावून खाली बसलो. खट्ट आवाज आला. किल्ली आत, रिमोट त्याच किल्लीला. दुसरी किल्ली परभणीला घरी. धाकटा भाऊ मोटरसायकलवर घेऊन येईपर्यंत पावसात पोरीला घेऊन उभे होतो. तर ती वायर जोडाच, आणि जोडली तरी एक बघा, बऱ्याच जुन्या गाड्यांत दिव्याचं बटण फक्त पुढच्या दोन दारांना असतं, म्हणजे मागचं दार उघडलेलं युनिटला कळतच नाही. माझ्या युनिटमधे ही सोय बंद करता येत होती, मी बंदच करून टाकली. तुमच्यात येत असेल तर तुम्हीही करा. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समधे असते आता.

डोअर पॅड परत लावायच्या आधी एक तपासणी माझ्यासाठी करा. बॉनेट उघडं ठेवून रिमोटनं सगळी दारं लॉक करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, किल्लीनं ड्रायव्हरचं दार उघडून आत बसा, ते आतून परत लॉक करा आणि चारही दारं आतून हातानं अनलॉक करून उघडून बघा. बिन करंटचा अॅक्चुएटर हातानं सहज मागं सरकला पाहिजे. एखादं दार अडलं तर सळई परत बसवा, त्याशिवाय पॅड लावू नका. परभणी-नांदेडकडं मे मधे पारा ४३-४४ ला जातो, बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते, आणि लहान पोरं रिमोटशी खेळतात. रिमोट पोरांच्या हातात द्यायचा नाही हा आमच्या घरात नियम आहे. आणि बाहेरून किल्लीनं उघडायचं ड्रायव्हरचं कुलूपही चालू ठेवा, त्यातही ग्रीस-तेल बघा, रिमोटचा सेल कधीही संपतो.

किटमधे इंजिन बंद करायची वायर असेल तर ती जोडू नका, टेप लावून गुंडाळून ठेवा. त्यातल्या स्वस्त रिलेनं म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचनं चालत्या गाडीत हायवेवर दगा दिला तर काय, एवढा एकच विचार पुरे आहे. इंडिकेटर लुकलुकायची वायर मात्र जोडा, रात्री लांबून कळतं की लॉक झाली.

गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर हेही बघा. माझं युनिट नुसतं बसून १५ मिलीअँपिअर घेतं, मल्टीमीटर लावून मोजलंय. म्हणजे दिवसाला ०.३६ अँपिअर-अवर, महिन्याला जवळपास ११. ऑल्टोला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ती जुनी असेल तर महिन्यानंतर स्टार्टर नुसताच टकटक करेल. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं जाताना मी निगेटिव्ह काढून जातो.

काम मृग लागायच्या आधी उरका, पावसात दारं उघडी टाकून बसता येत नाही. आणि पहिल्या रविवारी फक्त ड्रायव्हरचं दार करा, त्याला आठवडाभर वापरा, मग बाकीची तीन. अण्णा आता ओट्यावर बसूनच बटण दाबतात, इंडिकेटर लुकलुकले की आत जातात. कागदावरची आकृती कळली नाही तर तिचा फोटो टाका, मी बघून सांगतो कुठली वायर कुठं.