बाँडच्या सोबतीला कुठलं पुस्तक?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्या शेजारी एखादा संदर्भग्रंथ ठेवून वाचाव्यात, दुप्पट मजा येते. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना बाँडलाच द्यावा लागतोय. दादरला लायब्ररीच्या काउंटरवर शिक्के मारण्यात आयुष्य काढलेल्या बाईला हा असला माणूस कसा काय आवडतो, असंही तिघांनी विचारलंय. त्यांचे प्रश्न बाजूला ठेवलेत.

धाकट्या भावाच्या ट्रंकेतून बाँडची डझनभर जुनी पेपरबॅक निघाली. सिनेमे सगळे पाहिलेत, पुस्तक एकही वाचलेलं नाही. सोबतीला एकच पुस्तक सांगा, पेन्शनीत एकच बसतं.
— एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले (पूर्व)

काका, एकच म्हणालात ते बरं केलंत. किंग्जली एमिस यांचं ‘द जेम्स बाँड डॉसियर’ घ्या. फ्लेमिंग ऑगस्ट 1964 मध्ये गेला आणि हे पुस्तक पुढच्याच वर्षी आलं. एमिस स्वतः नावाजलेले कादंबरीकार. बाँड वाचणं कमीपणाचं मानणाऱ्या समीक्षकांशी ते यात बाह्या सरसावून भांडलेत, त्यामुळे पुस्तक कोशासारखं कोरडं झालेलं नाही.

त्यांनी एक गोष्ट अचूक पकडली आणि तिला ‘फ्लेमिंग इफेक्ट’ असं नावच दिलं. खरी, तपासून घेता येईल अशी माहिती इतकी ठासून द्यायची की तिच्या आडून अशक्य गोष्टही वाचकाच्या गळी उतरते. ‘डॉक्टर नो’ घ्या. कॅरिबियनमधल्या बेटावर आग ओकणारा ड्रॅगन आहे, असं कुणी सांगितलं तर आपण पुस्तक मिटून ठेवू. पण फ्लेमिंग आधी त्या बेटाचा धंदा सांगतो: ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत. ते कुठून येतं, कसं उकरतात, कोण विकत घेतं, हे सगळं एखाद्या व्यापाऱ्याने बोलावं तसं येतं. इतकं रटाळ सत्य सांगणारा माणूस थापा मारत असेल असं वाटतच नाही, आणि मग ड्रॅगनही चालून जातो. (तो ड्रॅगन नेमका काय आहे ते सांगत नाही. शेवटही नाही. पण खत लक्षात ठेवा.)

एमिसच्या पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता आहे: ठिकाण, नायिका, खलनायक, खलनायकाचा बेत, बाँडचे मित्र, असे रकाने आणि प्रत्येक पुस्तकाची एक ओळ. कुठल्या पुस्तकात कोण होतं याचा घोळ झाला की तो उघडायचा. 1966 साली आलेला शेवटचा कथासंग्रह मात्र त्यात सापडणार नाही.

पुढेमागे दुसऱ्या पुस्तकाची सोय झालीच तर रेमंड बेन्सन यांचं ‘द जेम्स बाँड बेडसाइड कम्पॅनियन’ (1984) बघा. लेखकाचं आयुष्य, एकेक कादंबरी, तोवरचे सिनेमे, सगळं त्यात आहे. जॉन ग्रिसवोल्ड यांचा 2006 चा टिपा आणि कालक्रमाचा जाडजूड ग्रंथ तारखांवरून वाद घालणाऱ्यांसाठी. तुम्हाला तो लागणार नाही.

एका नावापासून मात्र सांभाळा. जॉन पिअरसन हे ‘संडे टाइम्स’मधले फ्लेमिंगचे सहकारी. त्यांनी 1966 मध्ये लिहिलेलं फ्लेमिंगचं चरित्र खरंखुरं आहे. 1973 मध्ये त्यांनीच बाँडचं ‘अधिकृत चरित्र’ लिहिलं, ती मात्र कादंबरी आहे. त्यातली माहिती पुरावा म्हणून फेकणारे लोक मी पाहिलेत, भल्या भल्या गप्पांत. असल्या याद्या करणाऱ्यांना शेवटी स्वतः बाँड लिहायची खुमखुमी येतेच. एमिसनी 1968 मध्ये टोपणनावाने ‘कर्नल सन’ लिहिली आणि बेन्सन तर 1997 ते 2002 अधिकृत बाँडलेखकच होते.

आधी कादंबरी, मग संदर्भग्रंथ. हे ग्रंथ शेवट बिनदिक्कत फोडतात. आमच्या लायब्ररीत रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर ‘खून भाच्याने केला’ असं पेन्सिलीने लिहून ठेवणारे एक सभासद होते, त्यातलाच प्रकार. आणि क्रम पुस्तकांचा धरा, सिनेमांचा नको. पडद्यावर 1962 मध्ये पहिला आला तो ‘डॉक्टर नो’. कादंबऱ्यांत तो सहावा, पहिली 1953 ची ‘कॅसिनो रोयाल’. एवढं जमत नसेल तर निदान ‘थंडरबॉल’, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ ही तीन ओळीने वाचा. ती एकच गोष्ट आहे.

माझ्याकडच्या ‘थंडरबॉल’च्या मुखपृष्ठाला दोन गोल भोकं पडलीत. वाळवी असेल की कसर? कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू का?
— एक वाचक, गिरगाव

गोळ्यांनीच पडलीत ती, पण डांबराच्या नव्हेत. रेमंड हॉकी या चित्रकाराने 1963 मध्ये पॅन बुक्ससाठी ते मुखपृष्ठ केलं आणि बंदुकीच्या गोळ्या आरपार गेल्यासारखी दोन भोकं खरोखरच कापून घेतली. कसर इतकी गोल खात नाही. बाइंडरकडे मात्र नेऊ नका, तो मागून चिकटपट्टी लावून देईल.

शिवाजी पार्कला आमचा ब्रिजचा कट्टा आहे. ‘मूनरेकर’मधला तो डाव खरंच बसतो का, यावर भांडण पेटलंय. कुठल्या संदर्भग्रंथात निकाल मिळेल?
— कट्ट्यावरचे चौघे

ग्रंथ राहू द्या, पत्ते काढा. टेबलावर चार हात उघडे मांडा.

खलनायक ड्रॅक्सच्या हातात इस्पिकचे एक्का-राजा-राणी-गुलाम, बदामचेही तेच चार, चौकटचे एक्का आणि राजा, किलवरचा राजा, गुलाम आणि नव्वी. चित्रं आणि एक्के यांच्या एकूण चाळीसपैकी एकतीस गुण! असा हात आला तर कुणाचंही डोकं फिरेल, आणि बाँडला तेच हवं असतं. बाँडकडे इस्पिक नाही, बदाम नाही. चौकटची राणी आणि अठ्ठीपासून खालची सगळी, आणि किलवरचा एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी आणि एक लहान पान. त्याचा भिडू, म्हणजे त्याच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख एम, याच्याकडे एकही चित्र नाही. पण चौकटही एकही नाही, आणि किलवर पाच आहेत. उरलेली पानं ड्रॅक्सच्या भिडूला द्या, त्याला चौकटचे गुलाम, दश्शी, नव्वी जातील आणि किलवर एकही जाणार नाही.

बाँड सात किलवर बोलतो, म्हणजे किलवर हुकूम धरून तेराही हात जिंकायची पैज. ड्रॅक्स डबल देतो, बाँड रीडबल. आता खेळा. चौकट लावून एमच्या हातातून हुकूम मारायचा, की ड्रॅक्सचं एक मोठं चौकट पडतं. एमकडून हुकमाची उतारी करायची. ड्रॅक्सला बाँडच्या आधी पान टाकावं लागतं, म्हणजे तो जे टाकेल त्याच्या वरचं बाँडकडे तयार. पुन्हा चौकट, पुन्हा एमचा हुकूम, पुन्हा हुकमाची उतारी. एक्क्याखाली हुकमाचा राजा सापडला की ड्रॅक्स संपला. चौकटच्या राणीवर उरलेलं शेवटचं चौकट निघून येतं आणि मागची बारीकसारीक पानं राज्य करतात. एकतीस गुणांच्या माणसाला तेरांपैकी एकही हात मिळत नाही.

डाव बसतो तो असा. तो आपसूक पडलेला नसतो, हा कट्ट्यावर वाद असेल तर तोही मिटवा. ड्रॅक्स पत्ते वाटताना चांदीच्या सिगारेट-केसमध्ये पानांचं प्रतिबिंब बघून लबाडी करत असतो, म्हणून बाँड दारू चढल्याचं सोंग करून आधीच लावून ठेवलेला जोड टेबलावर आणतो. हा हातही फ्लेमिंगने शोधलेला नव्हे. ब्रिजच्या आधीच्या व्हिस्ट या खेळाच्या जमान्यापासून तो ‘ड्यूक ऑफ कम्बरलंडचा हात’ म्हणून चालत आलाय, फ्लेमिंगने त्याला हवा तसा वळवला. पत्त्यांवरची ती प्रकरणं मला अख्ख्या मालिकेत सर्वांत आवडतात. एकही गोळी सुटत नाही आणि हाताला घाम फुटतो.

ताई, ‘कॅसिनो रोयाल’मध्ये बाँडने 1933 मध्ये बेंटली घेतली असं आहे. मग त्याचा जन्म कधीचा? हिशेब लागत नाही.
— कॉलेजची विद्यार्थिनी, माटुंगा

लागणारच नाही. तरी लावून बघ, वही-पेन्सिल घे. ‘मूनरेकर’ 1955 चं. त्यात तो सदतीस वर्षांचा आहे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी डबल-ओच्या, म्हणजे ठार मारायचा परवाना असलेल्या हेराच्या, कामातून सुटणार आहे. म्हणजे जन्म 1917 च्या आसपास धर. पुढे ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये त्याचा मृत्युलेख छापून येतो. त्यात म्हटलंय की 1941 मध्ये वय एकोणीस असल्याचं खोटं सांगून तो युद्धात दाखल झाला. म्हणजे 1922 च्याही नंतरचा. पिअरसन म्हणतात 1920. या शेवटच्या दोघांचं ऐकलं तर बेंटली घेतली तेव्हा मुलगा फार तर तेरा वर्षांचा होता!

ग्रिसवोल्डसारखे लोक हे सांधे जुळवायला शेकडो पानं खर्च करतात. मला त्यामागचं कारण साधं वाटतं. फ्लेमिंग दरवर्षी जमैकातल्या ‘गोल्डनआय’ या घरी हिवाळ्याचे दोनएक महिने जायचा आणि रोज दोन हजार शब्दांच्या हिशेबाने टाइप करायचा. मागची तारीख बघायला तो थांबत नसे, आणि नायक चाळिशीच्या अलीकडेच ठेवणं त्याच्या सोयीचं होतं. त्या मृत्युलेखात, या माणसावर त्याच्या एका मित्राने लोकप्रिय पुस्तकं लिहिलीत, अशी कोपरखळीही आहे. ती वाचल्यावर तारखांवरून त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही.

आमचे हे रिटायर झाल्यापासून बाँड वाचतायत. आता सकाळी अंडं तीन मिनिटं वीस सेकंदच उकडायचं म्हणतात. हे पुस्तकात आहे की यांच्या मनचं?
— एक वाचक, मुलुंड

पुस्तकात आहे, ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’मध्ये. फ्रेंच मारान्स जातीच्या कोंबडीचं ठिपक्यांचं तपकिरी अंडं, सोनेरी कड असलेल्या गडद निळ्या एगकपात. सोबत टोस्ट, जर्सी गाईचं पिवळंधमक लोणी, टिपट्रीचा ‘लिटल स्कार्लेट’ स्ट्रॉबेरी जाम, कूपरचा मार्मालेड, नॉर्वेचा मध. कॉफी न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका ठरावीक दुकानाची.

पण त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती ह्यांनी सांगितलेली दिसत नाही. ते अंडं बाँड उकडत नाही. मे नावाची स्कॉटिश बाई उकडते आणि ती त्यासाठी पगार घेते. हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि ‘गोल्डफिंगर’मध्ये बाँड चहाला चिखल म्हणतो, साम्राज्य बुडालं ते चहापायी असंही सुनावतो. एवढं सगळं पुस्तकाबरहुकूम हवं असेल तर चार वाजताचा चहा आजपासून बंद.

संदर्भग्रंथात दिलेली पानं माझ्या प्रतीशी जुळत नाहीत. काही वाक्यं तर सापडतच नाहीत. माझी प्रत बनावट आहे का?
— एक वाचक, कुर्ला

बनावट नसावी. मूळ प्रकाशक केपची पुठ्ठ्याची आवृत्ती, पॅनची पेपरबॅक आणि नंतरच्या आवृत्त्या, प्रत्येकीची पानं वेगळी. म्हणून टिपणं काढताना प्रकरणाचा आकडा लिहावा, पानाचा नाही. वाक्यंच सापडत नसतील तर आतल्या पानावर साल बघा. 2023 मध्ये मालिकेच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतून वंशाबद्दलचे काही शब्द काढले गेले. ‘लिव्ह अँड लेट डाय’च्या अमेरिकन आवृत्तीत तर फ्लेमिंग जिवंत असतानाच फेरफार झाले होते. काढलेलं सगळं काही गमावण्यासारखं नाही, वाचताना आजही तोंड कडू होतं. पण अभ्यासाला जुनी प्रत हवी. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर कादंबऱ्या मिळतात. संदर्भग्रंथ तिथे सहसा येत नाहीत, कारण घेणारा ते विकत नाही. त्यासाठी नेटवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते गाठा.

आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाडवर असा ग्रंथ का नाही?
— एक वाचक, लालबाग

तुमच्या प्रश्नाला दुखरी बाजू आहे. फ्लेमिंगची बाँडपुस्तकं सगळी मिळून चौदा. बारा कादंबऱ्या, दोन कथासंग्रह. एका फळीवर मावतात. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या लायब्रऱ्यांनी अक्षरशः झिजेपर्यंत फिरवल्या. आम्ही खळ लावून, खाकी कागद घालून त्या जगवायचो. शेवटी पानं सुटली की रद्दी. संदर्भग्रंथाला आधी सगळी पुस्तकं एका ठिकाणी, छापल्याच्या सालासकट लागतात, आणि घोडं तिथेच अडतं.

एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. फ्लेमिंगने हयातीत छापलेली पुस्तकं भारतात 1 जानेवारी 2025 पासून मोकळी झाली. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, त्यांचे हक्क 2056 अखेरपर्यंत आहेत. त्यामुळे मोठाले उतारे छापायचे तर वारसांची परवानगी हवी. पण एमिससारखा तक्ता करायला कुणाचीच हरकत नाही.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अर्नाळकर असतील त्यांनी मुखपृष्ठाचा आणि आतल्या पानाचा फोटो संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. सोबत एवढंच लिहा: नायक कोण, गोष्ट कुठे घडते, खलनायकाचा बेत काय. खुनी कोण ते वेगळ्या कागदावर.