फोन आजीचा, पिन बाबांचा: पालकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

शिमगा झाला, परीक्षा जवळ आल्या आणि माझा व्हॉट्सॲप पालकांच्या मेसेजने भरायला लागला. दरवर्षीचंच आहे हे, सुट्टी लागली की घरात पोर आणि मोबाईल दोघंच उरतात, बाकी सगळे कामाला. २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथी शिकवली, आता शाळाशाळांतून पालकांशी बोलत फिरते. आलेल्या प्रश्नांतले सहा घेतलेत, नावं काढून टाकलीत आणि एका प्रश्नाचं तर गावसुद्धा.

देवगडकडच्या एक आई: मुलगा तिसरीत. हापूसचा सीझन आहे, आम्ही दोघं सकाळी सातला कलमांत जातो ते अंधार पडेस्तोवर. मुलगा सासूबाईंजवळ आणि त्यांचा मोबाईल दिवसभर त्याच्या हातात. काही बोललं की त्या म्हणतात, "मोबाईल दिल्यार गप रवता." दिवसाला किती तास चालतो?

आकडा हवाच असेल तर इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, सांगितलाय, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांपेक्षा कमी. पण हा आकडा घेऊन सासूबाईंसमोर जाल तर भांडणच होईल, आणि त्यांचं तरी काय चुकलं, सत्तरीच्या बाईने आठ वर्षांच्या पोरामागे किती धावायचं, परसात विहीर आहे, दारात आंब्याचे टेम्पो येतायत जातायत, पोर डोळ्यांसमोर बसलंय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो.

अशाच एका घरी मी दुपारी गेले होते. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा, पोराची नजर त्यात, आजी बांगड्याचे काटे काढून काढून घास भरवतेय आणि तोंड आपोआप उघडतंय. तिसरीतला मुलगा, घरात बसून समुद्राची गाज ऐकू येते, आणि त्याला बांगड्याचा काटा काढता येत नव्हता. कसा येणार, ताटात कधी बघितलंच नव्हतं त्याने. तेव्हापासून मी पालकांना तास विचारायचं बंद केलं, मोबाईलने कशाची जागा घेतलीय ते विचारते. झोपेची? खेळायची? की आजीच्या गोष्टीची?

म्हणून सुरुवात जेवणापासून करा. सासूबाईंना "मोबाईल देऊ नका" असं सांगू नका, "त्याला काटा काढायला शिकवा ना तुम्ही" असं सांगा, बघा किती फरक पडतो. रात्री मोबाईल आजीच्या उशाशी नको, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला राहू दे. आणि एक पाच मिनिटांचं काम तुम्ही स्वतः करा, यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा, नाहीतर कार्टून संपलं की पुढचं आपोआप लागतं आणि चार-पाच व्हिडिओनंतर कार्टूनसारखंच दिसणारं काहीतरी भलतंच चालू असतं, आजी पलीकडे लसूण सोलत असते, तिला आवाज तोच वाटतो. यूट्यूब किड्स टाकून द्या. फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, त्याबद्दलही विचारतात बरेच जण, ते चांगलं आहे पण मुलाचं वेगळं अकाउंट लागतं, आजीच्याच अकाउंटवर चालणाऱ्या फोनला त्याचा उपयोग नाही. आणि संध्याकाळी पेट्या भरताना त्याला जवळ घ्या, पेंढा घालायला, डझन मोजायला. तिसरीचं गणित आहे ते.

हर्णै बंदरातले एक बाबा: मुलगा १० वर्षांचा. मी बोटीवर, आठ-आठ दिवस बाहेर. घरी आलो तर खात्यातून ३,५०० रुपये गेलेले. गेममध्ये कोण 'दादा' भेटला, डायमंड देतो बोलला आणि ह्याने त्याला ओटीपी सांगितला. मी पट्ट्याने मारला त्याला. आता दोन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाही.

पैशाचं आधी सांगते कारण त्यात वेळ महत्त्वाचा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, फोन लगेच केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, उशीर होईल तशी ती कमी होत जाते. दोन आठवडे झालेत तरी तक्रार कराच, बँकेतही लेखी द्या. यूपीआयचा पिन आणि फोनचं लॉक दोन्ही आजच बदला, आणि नवा पिन मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, सगळे तोच ठेवतात.

आता मारण्याचं. दादा, तुमचा राग मला कळतो, ३,५०० म्हणजे कधीकधी अख्ख्या फेरीची कमाई. पण जरा त्याच्या बाजूने बघा, त्याला त्या माणसाने फसवलं आणि घरी आल्यावर मार कुणी खाल्ला? त्यानेच. उद्या तोच दादा म्हणाला की शर्ट काढून फोटो पाठव, नाहीतर तुझ्या बाबांना सांगेन, तर तुमचा मुलगा कुणाला जास्त घाबरेल? ह्या लोकांचा सगळा धंदा ह्या भीतीवर चालतो. आधी फुकट काहीतरी देतात, मग 'घरी सांगू नको हां' येतं, मग गेममधून दुसऱ्या ॲपवर बोलावतात, मग फोटो नाहीतर व्हिडिओ कॉल. तुमच्या मुलाचं प्रकरण ओटीपीवर थांबलं की पुढे गेलंय हे तुम्हाला माहीतच नाही, कारण तो बोलत नाहीये. मला ३,५०० पेक्षा ह्याची काळजी जास्त वाटते.

१ जूनला मासेमारी बंद होईल, जुलैअखेरपर्यंत तुम्ही घरी असाल, पण तोवर थांबू नका, ह्याच फेरीला घरी आलात की बोला. "मारलं ते माझं चुकलं" एवढं स्पष्ट म्हणा, त्याला 'पण' जोडू नका. मग जाळी दुरुस्त करायला बसाल तेव्हा त्याला शेजारी घ्या आणि म्हणा दाखव मला तो गेम, कसा खेळतात. हात कामात आणि नजर जाळ्यात असली की पोरं जास्त बोलतात, समोर बसवून विचारलं तर नाही बोलत. दोन-चार दिवसांनी सहज विचारा, "त्या दादाने अजून काय काय विचारलं रे?" काही निघालं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा, उलटं करू नका. गेममधलं व्हॉइस चॅट मात्र आजच बंद.

मालवणहून, चौथीतली एक मुलगी (वहीच्या पानाचा फोटो तिच्या बाईंनी पाठवला): आई मला मोबाईल देत नाही पण ती भाकऱ्या भाजताना पण रील बघते. तिचा मोबाईल कोण काढून घेणार?

बाळा, ते काम माझ्याच्याने होणार नाही, मी पण बघते रील. तू असं कर, आईला म्हण की जेवताना कुणाचाच मोबाईल नको, तुझा नको, बाबांचा नको, पाहुण्यांचा पण नको. आणि भाकरी करपली तर फेकू देऊ नको, पुरावा आहे तो.

एक आई (गाव लिहीत नाही): मुलगी सात वर्षांची. आमच्या नात्यातलाच एकजण तिला मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ दाखवतो असं तिने सांगितलं. घरचे म्हणतात गप्प राहा, गणपतीला सगळे एकत्र येतात, घरात वाद नको, त्याने काही केलं तर नाही ना.

ताई, केलंय त्याने. लहान मुलीला असे व्हिडिओ दाखवणं हाच पोक्सो कायद्याखाली, म्हणजे २०१२ च्या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, लैंगिक छळाचा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हात लावलेला असायलाच हवा असं नाही. आणि बऱ्याचदा व्हिडिओ दाखवणं ही सुरुवात असते.

मुलीने तुम्हाला सांगितलं ही फार मोठी गोष्ट आहे, तिला म्हणा की सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. एवढंच. पुन्हा पुन्हा विचारू नका, "नक्की का गं?" तर अजिबात नको, आणि आत्या, मावशी, शेजारीण प्रत्येकीसमोर तिला उभं करून सांगायला लावू नका, हे मी इतक्या घरांत बघितलंय, तिसऱ्यांदा विचारलं की पोर म्हणतं 'काही नाही झालं' आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, तारखेसकट, वहीत लिहून ठेवा. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका, तो फोन साफ करून टाकेल. तुमची मुलगी एक मिनिटही त्याच्याजवळ एकटी राहणार नाही, त्या घरातली बाकीची मुलंही डोळ्यांसमोर ठेवा.

मग १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो. नाहीतर ११२. पोलिसांत जायची भीती वाटते ती मुलीच्या नावाची, तर ऐका, ह्या कायद्यात तिचं नाव, फोटो, घर, शाळा छापायला बंदी आहे. जबाब तुमच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्यांनी गणवेशात यायचं नसतं, तुम्ही तिच्याजवळ बसू शकता, आणि रात्री तिला चौकीत ठेवता येत नाही. अजून एक, ते तुमच्या घरच्यांनाच वाचून दाखवा: असं काही घडलंय हे माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे. 'गप्प राहा' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं बहुतेक. गणपती घरात येतील तेव्हा कुणाला बोलवायचं नाही ह्याचा विचार मोठ्यांनी करायचा, सात वर्षांच्या मुलीने सण सांभाळायचा नाही.

गुहागरहून एक शिक्षिका: वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यास टाकते. पालक रात्री ११ ला फॉरवर्ड टाकतात, भांडतात, आणि आता चौथीची मुलंच आईच्या नंबरवरून एकमेकांना चिडवायला लागलीत.

ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करा, अर्धी डोकेदुखी तिथेच जाईल. १३ वर्षांखालच्या मुलांना व्हॉट्सॲपचं स्वतःचं साधं अकाउंट काढता येत नाही, हे पालकसभेत एकदा मोठ्याने सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण खरं म्हणजे अभ्यास वहीत द्या हो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी फोन एकच, तो बाबांबरोबर बोटीवर जायचा, त्यामुळे गृहपाठही समुद्रावर जायचा आणि मी मूर्खासारखी त्याला रोज विचारत होते अभ्यास का नाही केलास. दोन महिने लागले मला कळायला.

चिडवण्याचं मात्र ग्रुपवर सोडवायला जाऊ नका, आणि दोन्ही मुलांना एकत्र उभं करून 'सॉरी म्हण' पण नको, ज्याला चिडवलं त्याच्याशी आधी एकट्याशी बोला. गॅदरिंगचे फोटो टाकता का? माझी चूक सांगते. एका मुलीचा कोळीनृत्याचा फोटो नाव, गाव, इयत्तेसकट स्टेटसला टाकला होता, कौतुकानेच. तिची आई रात्री घाबरून फोन करून रडली, कारण वडिलांपासून दूर, पत्ता न सांगता त्या दोघी राहत होत्या. तेव्हापासून पालकांना आणि मुलांनाही विचारल्याशिवाय मी एक फोटो टाकत नाही, आणि टाकला तर नाव नाही. तुमच्या शाळेची सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, आणि शाळा व्यवस्थापन समिती ह्यांच्यासमोर हा विषय घ्या, व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, नियम त्यांच्या तोंडून आला की ऐकला जातो.

चिपळूणहून एक आजी: नात पुराच्या वेळी चार वर्षांची होती, माळ्यावर बसून रात्र काढली आम्ही. आता मोठी झाली, पण जूनचा पहिला मोठा पाऊस आला की हिच्या पोटात दुखतं, शाळेत जात नाही. डॉक्टर म्हणतात काही नाही. खोटं बोलते का?

नाही हो आजी, पोट खरंच दुखतं. भीती लहान मुलांना सांगता येत नाही, ती पोटात जाऊन बसते. २२ जुलै २०२१ तिच्या शब्दांत राहिला नसेल, पण कौलांवरचा आवाज, काळोख, मोठ्यांचे चेहरे हे राहतं.

आणि पहिलं काम मोबाईलचं आहे. पाऊस लागला की गावच्या ग्रुपवर 'धरणाचं पाणी सोडलं', 'पुलाला पाणी लागलं' असले मेसेज सुरू होतात, निम्मे जुने व्हिडिओ, त्याच पुराचे, पुन्हा फिरवलेले, आणि घरात ते मोठ्या आवाजात लावले जातात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कसं कळणार की हे आजचं नाही? तिच्या कानावर ते पडू देऊ नका. खरी बातमी प्रशासनाकडून किंवा हवामान खात्याकडून येते ती एकाने बघायची आणि तिला साध्या शब्दांत सांगायची, "वाशिष्ठीचं पाणी अजून खाली आहे, वाढलं तर आपण मामाकडे वर जाऊ." 'काही होणार नाही' म्हणू नका, एकदा झालेलं तिने बघितलंय, तिचा विश्वास बसणार नाही.

तिच्या बाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे पोट दुखलं तर तिला दहा मिनिटं बसू देतील आणि घरी पाठवायची घाई करणार नाहीत, कारण घरी आली की भीती अजून वाढते. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, पावसाळा संपूनही चालूच राहिलं, तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात, मग सिव्हिलला दाखवा.

आणि मे महिन्यातच, ऊन असताना, तिच्याबरोबर एक पिशवी भरा. बॅटरी, बिस्किटं, तुमच्या गोळ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये. माळ्यावर कुठे ठेवायची ते तिला ठरवू दे, तिच्या सामानातलं एक काय घ्यायचं तेही तीच ठरवेल. माझ्याकडे एकीने त्या पिशवीत कंपासपेटी घातली होती, आणि दर पावसाळ्यात ती वर चढून बघून यायची पेटी जागेवर आहे ना.