+१३ डीबीएम म्हणजे नेमके किती व्होल्ट?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सिग्नल जनरेटर +१३ डीबीएमवर ठेवलाय, कॅल्क्युलेटर १ व्होल्ट सांगतो, ऑसिलोस्कोपवर मात्र पीक-टू-पीक (लाटेच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) ५.६ व्होल्ट दिसतात, आणि एडीसी (सिग्नलचं डिजिटल आकड्यांत रूपांतर करणारा) बोर्डाची मर्यादा ±१ व्होल्ट आहे. जोडू का?

आत्ता जोडू नका. तुमचा एकही आकडा चुकलेला नाही, पण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे.

डीबीएम ही शक्ती, १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली. +१३ म्हणजे २० मिलिवॅट. ती किती ओहमच्या लोडमध्ये जातेय हे कळल्याशिवाय व्होल्टेज काढताच येत नाही. ५० ओहम धरले तर ०.०२ गुणिले ५० म्हणजे १, त्याचं वर्गमूळ १ व्होल्ट. कॅल्क्युलेटर सांगतोय ते हे, आणि ते आरएमएस आहे, म्हणजे तेवढीच शक्ती देणाऱ्या डीसीइतकं व्होल्टेज. एडीसीला आरएमएसशी काही देणंघेणं नाही. लाटेचं टोक कुठपर्यंत जातं तेवढंच त्याला कळतं. साइन वेव्हसाठी १.४१४ ने गुणा, पीक १.४१ व्होल्ट. तुमच्या बोर्डाला हे जास्तच झालं.

मी स्वतः कॅल्क्युलेटर उघडत नाही. पीक व्होल्टेज = √(२ × ओहम × वॅट). ५० ओहमला दोन गुणिले पन्नास शंभर होतात, म्हणून पीक = १० × √वॅट. +१० डीबीएम म्हणजे ०.०१ वॅट, पीक बरोबर १ व्होल्ट. हा एक आकडा पाठ करा. तिथून २० डीबी वर गेलं की व्होल्टेज दहापट: +३० ला १० व्होल्ट, आणि +५० ला, म्हणजे हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या १०० वॅटच्या ट्रान्समीटरला, १०० व्होल्ट. ६ डीबी खाली आलं की जवळपास निम्मं. शक्ती ३ डीबीला दुप्पट होते, व्होल्टेज ६ डीबीला. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आता स्कोप. त्याचा इनपुट १ मेगाओहमचा आहे. जनरेटरच्या आत ५० ओहम असतात आणि बाहेरही ५० ओहमचा लोड आहे असं धरूनच तो डीबीएम दाखवतो. लोडच नसेल तर आतल्या ५० ओहमवर काही पडत नाही आणि सगळं व्होल्टेज बाहेर येतं, म्हणजे दुप्पट: पीक २.८३, पीक-टू-पीक ५.६६. स्कोपच्या बीएनसी इनपुटवर ५० ओहमचा फीडथ्रू टर्मिनेटर (मधे बसवायचा ५० ओहमचा लोड) लावून बघा, २.८३ पीक-टू-पीक दिसायला हवेत.

बोर्डावर ५० ओहमचं टर्मिनेशन असेल तर +९ डीबीएम ठेवा, पीक ०.८९ व्होल्ट येईल. इनपुट स्कोपसारखा हाय-इम्पिडन्स (खूप जास्त ओहमचा) असेल तर तेवढ्यासाठी +३ पुरे. बोर्डाचा सर्किट डायग्राम बघून आधी हे नक्की करा.

हे सगळं एकाच साइन वेव्हचं. एकदा मी एडीसीला दोन टोन दिले, कंबाइनरनंतर (दोन सिग्नल एकत्र करणाऱ्या भागानंतर) प्रत्येकी +७ डीबीएम. सरासरी शक्ती +१०, म्हणून पीक १ व्होल्ट धरून चाललो. पण प्रत्येक टोनचं पीक ०.७१ आणि दोघांची टोकं जुळतात तेव्हा बेरीज १.४१ होते. एडीसी क्लिप होत होता, म्हणजे मर्यादेबाहेरची टोकं कापत होता, स्पेक्ट्रममध्ये दोन्ही टोनच्या शेजारी नको ते टोन उगवत होते, आणि मी दोन दिवस निर्दोष फिल्टर सोल्डरिंग आयर्नने उकलत बसलो. तुम्ही पुढे मॉड्युलेटेड सिग्नल देणार असाल तर पॉवर मीटरच्या सरासरीवरून पीक काढू नका. ओएफडीएमसारख्या (वाय-फायमध्ये वापरतात त्या, अनेक टोनच्या) सिग्नलची टोकं सरासरीच्या १० डीबी वरही जातात. तेवढी जागा सोडूनच लेव्हल ठरवा.

आणि जुन्या ऑडिओ उपकरणांवर डीबीएम दिसलं तर तिथे बहुधा टेलिफोन लाइनचे ६०० ओहम धरलेले असतात. तिथे ० डीबीएम म्हणजे ०.७७५ व्होल्ट आरएमएस, पीक १.१० व्होल्ट. ५० ओहमला तेच ० डीबीएम पीक फक्त ०.३२ व्होल्ट देतं.